आखाजीची बाटली

नाना,

तुझ्या तेराव्याला जेवणं उरकली, पत्रावळी उचलल्या गेल्या, आणि उरलेलं तूप, डाळ, साखर कुणाकडे परत पाठवायची ते मी लिहून काढत बसले होते. ओट्यावर आबाकाका सुपारी कातरत होते. त्यांनी तुझ्या प्रकाशला विचारलं, मागच्या अंगणातल्या पेवात तुझ्या बापाच्या बाटल्या अजून आहेत का. आहेत पाच-सहा, प्रकाश म्हणाला.

"फेकी दे भो. इतला वरीसनी बिअर. जहर व्हई गयं व्हई ते."

ओट्यावरचे सगळे हसले. वाईट मनाने कुणी हसलं नाही. नाना म्हणजे हौशी माणूस, असं दोघे-तिघे म्हणालेही. पण त्या 'हौशी'त मला कीव ऐकू आली आणि माझा हिशेब चुकला. प्रकाश म्हणाला, पेव आता बुजवून टाकायचं, वर स्लॅब टाकून गाडी उभी करायची, गवंड्याशी बोलणं झालं आहे, अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली की काम सुरू. पोराचंही खरं आहे. घरात गाडीला जागा नाही.

मी धुळ्याला निघाले तेव्हा वहिनी फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "सुमनताई, बाटल्यांचं काय करायचं ते आखाजीला तुम्हीच ठरवा. त्यातलं तुम्हालाच कळतं."

बघ म्हणजे. बिअर ताजी प्यायची असते, साठवून ती मरते, असं तुला सगळ्यात जास्त वेळा कोणी ऐकवलं असेल तर ते मी. आणि तुझ्या पेवाचा निकाल माझ्याच हातात.

बसमध्ये मी सवयीप्रमाणे कागद काढला. एका बाजूला 'फेकाव्यात', दुसऱ्या बाजूला 'ठेवाव्यात'. पहिली बाजू पारोळा यायच्या आत भरली. दुसऱ्या बाजूला धुळ्यातलं देवपूर येईपर्यंत एकच ओळ होती: नानाने ठेवल्या म्हणून.

पहिल्यापासून आठवून पाहिलं. तू केळीचा माणूस. बागेतून हिरवा घड यायचा, तुझ्या खोल्यांत रचला जायचा, भुशाची शेगडी पेटवून दारं लिंपून घेतली जायची, आणि धुराच्या उबेत चार दिवसांत माल पिवळा. त्यानंतर दोन दिवसांत विकला नाही तर काळा. लग्न असो, सुतक असो, केळी थांबत नाही. आमच्या यजमानांनी तुला पहिल्यांदा विचारलं होतं की बिअरच का, आणि ती जुनी का. तू म्हणालास, जन्मभर घाईचा माल सांभाळला, घरात एखादी वस्तू अशी पाहिजे की जिला घाई नाही. यजमान हसले. मला ते पटलं होतं, पण तुला तसं सांगितलं नाही. तुला एकदा पटवून घेतलं की तू दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचास.

माल घेऊन उत्तरेला जाणाऱ्या ट्रकवाल्यांना तू सांगून ठेवायचास, जिथे जाल तिथली एकेक बाटली आणा. तिकडची बिअर, इकडची बिअर, डोंगरातली, सपाटीवरची. कुणी आठवणीने आणायचं, कुणी वाटेत पिऊन टाकायचं आणि फुटली म्हणून सांगायचं. मी शाळेच्या ऑफिसात काम करणारी, मला दारूच्या परवान्याची धास्ती. तू तुझा पिण्याचा परवाना काढून माझ्यासमोर धरायचास आणि म्हणायचास, "बाई, इन्स्पेक्शन झालं का?"

ठेवायच्या कुठे, हा प्रश्न होता. जळगावात मेहरूणच्या घरात वैशाखात पत्र्याखाली मेणबत्ती वाकते. मग तुला आजोबांच्या वेळचं धान्याचं पेव आठवलं. मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, तोंड अरुंद आणि पोट मोठं, कित्येक वर्षं रिकामं. आत उतरलं की उन्हाळा वरच राहायचा. तू गिरणेची वाळू आणून तळाशी पसरलीस आणि बाटल्या तिच्यात गळ्यापर्यंत उभ्या पुरल्यास.

आणि वाळू ओली केलीस. रांजणाखालची वाळू आपण ओली ठेवतो, म्हणजे पाणी गार राहतं. बाटलीलाही तेच लागू, असं तुझं गणित. आपल्याकडच्या माणसाखेरीज ही चूक दुसरं कोणी केली नसती. पुढच्या आखाजीला मी माहेरी आले, तू हौसेने झाकण सरकवलंस, आतली हवा बरी आहे का ते कंदील सोडून पाहिलंस, खाली उतरलास आणि बराच वेळ वर आला नाहीस. पत्र्याची बुचं गंजली होती. चिठ्ठ्या वाळूत विरघळून गेल्या होत्या. सगळ्या बाटल्या सारख्या तपकिरी, कोणती कुठली आणि कधीची, काही कळायला मार्ग नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, भाऊसाहेब, एक वही आणि थोडा ऑइलपेंट एवढंच लागलं असतं. तू वाळूने भरलेले हात झटकत म्हणालास, ओळखू की वासावरून. एक बाटली उघडलीस, पितळी फुलपात्रात ओतलीस आणि माझ्यापुढे धरलीस.

"मी पीत नाही नाना."

"पी कोन म्हनी राहिनं? वास घे. कसाना वास ई राहिना?"

मी वास घेतला. ओल्या वर्तमानपत्राचा होता, तसं सांगितलं. अजून, तू म्हणालास. मी पुन्हा घेतला. खाली थोडा मध होता, पोळ्याला चिकटलेला असतो तसा. तू फुलपात्र घेतलंस, डोळे मिटून घोट घेतलास आणि थोड्या वेळाने म्हणालास, "हां. मध शे."

तिथून आपली आखाजी ठरून गेली. सकाळी पूर्वजांची घागर भरायची, तिच्यावर लोटा, खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवायचे, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकायचा. दुपारी पुरणपोळी आणि आमरस. मग बायका झोक्यावर, पुरुष पत्त्यांच्या डावात, त्या दिवशी पत्त्यांना कोणी नाव ठेवत नाही. आणि ऊन कलल्यावर कडुनिंबाखाली तू, मी आणि एक बाटली. वाळू आता कोरडी, गोणपाट फक्त झाकणावर ओलं. बाटल्यांच्या बुडाला माझ्या हातचे पांढरे आकडे, माझ्या वहीत त्यांची नोंद. "तू वास घे, मी चव घेतो, निम्मं निम्मं," असं तू म्हणायचास. मी पीत नाही याचा मान ठेवून मला सामील करून घेण्याची ती तुझी रीत आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले. माहेरवाशिणीला कोणी साडी देतं, कोणी पाटल्या. तू मला निम्मी बिअर द्यायचास.

बहुतेक बाटल्या वाईटच निघाल्या, नाना. हे आज तू नाहीस म्हणून गोड करून सांगणार नाही. ओला कागद, कधी भिजलेला पुठ्ठा, एकदा तर शाळेच्या जुन्या कपाटाचा वास. मी खरं तेच सांगायचे आणि वर बजावायचे, बघ, ताजी होती तेव्हा चांगली असेल, तू मारलीस तिला. तू कधी रागावला नाहीस. मेलेली वेगळी आणि म्हातारी वेगळी, असं म्हणायचास. हलकी असते ती मरते. जड, काळी, कडक असेल तर ती म्हातारी होते, आणि म्हातारं माणूस तरुणपणी बोलत नाही ते बोलतं. मी म्हणायचे, आपल्या आबाकाकांकडे बघून तसं वाटत नाही. तू खो खो हसायचास.

तो वाद आपला राहून गेला.

एकदा मात्र मी तुझी गंमत केली. बाटलीत नेहमीचा ओला कागद होता, पण मी तोंड गंभीर ठेवून म्हणाले, केवडा. तू घोट घेतलास, जरा थांबलास, आणि तितक्याच गंभीरपणे म्हणालास, "हां, केवडा. मागून येस." मी हसून लोळले. तूही हसलास. मला वाटलं तू माझ्यावरच वरताण केलीस. वहिनी खरबुजाच्या फोडी घेऊन आल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. ताट ठेवलं आणि आत गेल्या. तेव्हा मला वाटलं, त्यांना आपला हा चहाटळपणा आवडत नसावा.

काळी बाटली बलबीरने आणली. तुझा सगळ्यात जुना ट्रकवाला. डोंगराकडच्या कुठल्यातरी कारखान्यातली, जाड काचेची, हलवली तर आत काकवी असल्यासारखी जड. त्याने ती स्वतःच्या पांघरुणात गुंडाळून आणली होती. तू ती पेवाच्या अगदी मध्यभागी पुरलीस आणि म्हणालास, ही सगळ्यात शेवटी. दर आखाजीला मी विचारायचे, काढायची का. दर आखाजीला तू म्हणायचास, नाही, अजून पोर आहे. वर्षं गेली. प्रकाश धंद्यात आला, माझी मुलगी नोकरीला लागली, बलबीरची दाढी पांढरी झाली, बाटली पोरच. गेल्या आखाजीला मी चिडून म्हणाले, नाना, वाट बघण्यालाही काही मर्यादा असते, उद्या आपल्यापैकी एक नसेल आणि ती बाटली तशीच राहील. तू खरबुजाची बी थुंकून म्हणालास, "मंग दुसरा पिई."

मग दुसरा पिईल. तू हे सहज बोललास. मी पिशवी उचलली, बस गाठायची होती.

माघात तू गेलास. मी आले तेव्हा तुझे हात पाहिले. बोटांची पेरं चिकाने काळी पडलेली, घासूनही न गेलेली.

आता खरं सांगायचं ते. आखाजीच्या दोन दिवस आधी मी जळगावला आले. वहिनी तुझे पिकवायच्या खोलीतले कपडे बाजूला काढत होत्या, बोहारणीला द्यायला. एक सदरा मी नाकाशी धरला. धूर, आणि खाली पिकलेल्या केळीचा तो गोड, जरासा आंबूस वास. मी म्हणाले, वहिनी, हे असलं कपड्यांना कायम असायचं, नानाला कसं चालायचं कोण जाणे.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना कुठे येत होता वास, ताई."

मला वाटलं त्या बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. त्या खाली बसल्या. लग्नानंतर चार-पाच वर्षांतच तुझं नाक गेलं होतं. धुराने. दूध करपलं तरी तुला कळायचं नाही, एकदा गॅस सुटला होता आणि तू त्याच खोलीत बिडी काढत होतास, त्यांनी हातातून ओढून घेतली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, नाशिकला दाखवून आणलं. मग तू त्यांना शपथ घातलीस, बाहेर बोलायचं नाही. व्यापारी तुझ्या नाकावर माल टाकत होते. खोलीच्या दाराशी उभं राहून वासावरून सांगतो की माल झाला की नाही, ही तुझी ख्याती. नाक गेलं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घड दुसरीकडे गेले असते.

"मग इतकी वर्षं माल कसा ओळखला त्याने?"

"हाताने," वहिनी म्हणाल्या. "फटीतून हात घालायचे. ऊब बघायची. एक केळ देठाशी दाबायचं. दाराशी उभं राहून मोठा श्वास घ्यायचे, तो नुसता लोकांना दाखवायला."

मला सगळं दिसत गेलं. आंबा नाकाशी न नेता देठाशी दाबून बघणारा तू. माझ्या लोणच्याला न हुंगता पहिलं बोट लावणारा तू. केवडा. आणि केवड्याला न हसलेल्या वहिनी.

मला आधी राग आला, नाना. तो तुला कळावा म्हणून लिहिते. इतर सगळ्यांपासून लपवलंस ते समजू शकते, पोटाचा प्रश्न होता. पण मी काय व्यापारी होते? मी वास सांगत होते आणि तू तो पीत होतास, एवढं तरी मला सांगायचंस. मी जरा जास्त नीट सांगितलं असतं. 'ओला कागद' म्हणून मोकळी झाले नसते.

मग राग ओसरला आणि जे राहिलं त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. ज्याला वास येत नाही असा माणूस, घरातली एकच घाई नसलेली वस्तू म्हणून बिअर निवडतो, पेव झाडतो, वाळू आणतो, वर्षभर थांबतो, आणि बहिणीच्या तोंडून दोन शब्द ऐकून म्हणतो, हां, मध शे. आणि दारात उभं राहून रोज न येणारा वास छाती भरून घेतो. एवढी हिंमत आपल्या घरात आणखी कोणात मी पाहिली नाही. माझ्यात तर नाहीच.

परवा आखाजी झाली. या वर्षी घागर तुझ्याही नावाची होती. प्रकाशने तुझं नाव घेऊन निखाऱ्यावर घास टाकला. जेवणं झाली. आबाकाका पत्त्यांना बसायचे सोडून अंगणात खुर्ची टाकून बसले, निकाल ऐकायला. मी प्रकाशला पेवात उतरवलं, आधी कंदील सोडायला लावला. मधली बाटली काढ म्हणाले.

वाळू झटकून बुडाचा आकडा पाहिला. माझंच अक्षर होतं. बुचाला गंजाचा ठिपकाही नव्हता. उघडली तेव्हा फुसकन आवाज आला, अगदी बारीक, झोपेत कोणी उसासा टाकावा तसा. बारा-तेरा वर्षांनी तेवढा श्वास तिच्यात उरला होता. वहिनींनी तुझं फुलपात्र चिंचेने घासून आणलं. मी ओतली. काळी, काठाशी लालसर, फेस नावाला.

मी वास घेतला. आणि सवयीने फुलपात्र पुढे केलं. पुढे कोणी नव्हतं.

"सांगा ना, आत्या," प्रकाश म्हणाला. "विष आहे का?"

"वासावरून निम्मंच कळतं," मी म्हणाले. "निम्मं तुझा बाप सांगायचा."

मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मग आता दोन्ही तुम्हीच बघा. आज कोणी नाव ठेवणार नाही. ठेवलं तर मी आहे."

पन्नाशीला आलेली, शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, आयुष्यात थेंब घेतला नाही. पण काम पुरं करायचं तर नीट करायचं. मी आधी डाव्या हाताने नाक घट्ट दाबलं. तुला काय मिळत होतं ते मला आधी बघायचं होतं. आणि घोट घेतला.

कडू, नाना. नुसतं कडू, कारल्याच्या पाण्यासारखं, जिभेच्या कडेला जरा आंबट, जरा चुरचुरणारं, आणि गिळल्यावर घशात ऊब. दुसरं काहीच नाही. मध नाही, काही नाही. दर वर्षी, वैशाखातल्या उन्हात बसून, तू हे प्यायलास. एवढंच प्यायलास. बाकीचं माझ्या तोंडून.

मग मी नाक सोडलं.

डोळ्यांत पाणी आलं ते कडूपणाने, असं आबाकाकांना वाटलं. ते म्हणाले, "मी नव्हतो सांगत?" मी फुलपात्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हुंगलं, घोट घेतला. मग आणखी एक घेतला. परत द्यायला विसरले. प्रकाशने ते त्यांच्या हातातून सोडवून घेतलं, प्यायला, आणि कडुनिंबाखालच्या त्या पेवाच्या तोंडाकडे पाहून म्हणाला की स्लॅब पुढच्या अंगणातही टाकता येईल, जास्वंद जरा सरकवावी लागेल. संध्याकाळी गवंड्याला निरोप गेला. बलबीरलाही गेला आहे. या खेपेला काळीच आण म्हणून सांगितलं आहे, हलकी नको.

तर आपला वाद संपला. तू म्हणत होतास ते बरोबर होतं: मेलेली वेगळी, म्हातारी वेगळी. मी हे तुला लेखी देते आहे, जे मी कोणाला सहसा देत नाही.

आणि तुझं निम्मं द्यायचं राहिलं आहे. या खेपेला नीट सांगते. आधी काकवी, कढईला खाली लागत आलेली. मग भाजलेली दादर ज्वारी, तव्यावरून नुकती उतरवलेली. जरा थांब. आता काळ्या मनुका, गरम पाण्यात टाकल्यावर फुगतात तशा. त्याच्या मागे धूर, पण तो खोल्यांमधला नाही, हा लांबून, शेताच्या बांधावरून येतो. आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, थोडा मध. खरंच आहे, गंमत नाही करत.

पी आता. सावकाश.